देव फसवतो का?

वैशाखातल्या दुपारी पाटसहून कुरकुंभकडे निघालं की सोलापूर रस्त्यावर पाणी दिसतं. पुढचा ट्रक त्या पाण्यात उलटा उतरलेला असतो, आणि आपण जवळ जावं तसं पाणी तेवढंच पुढे सरकतं. कारण आता सातवी-आठवीची पोरंही सांगतात. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, तिच्यावरची त्यामानाने दाट राहते. आभाळाकडून खाली येणारा प्रकाश या थरांतून जाताना वाकतो, वर वळतो आणि डोळ्यात शिरतो. रस्त्यावर आपल्याला दिसतं ते आभाळ. मन त्याला पाणी म्हणतं. एवढं सगळं पाठ असूनही ते पाणी दिसायचं काही थांबत नाही. दुधाच्या टेम्पोवाल्याला दिसतं, एसटीच्या ड्रायव्हरला दिसतं, मोटारसायकलवर मागे बसलेल्या म्हातारीलाही दिसतं. ब्रेक मात्र कुणी मारत नाही.

या पाण्यावरून एक प्रश्न माझ्या मनात फार वर्षं घर करून आहे. जग ही माया आहे, असं आपण कीर्तनात ऐकतो, मयताला गेल्यावर ऐकतो. माया म्हणजे फसवणूक असेल, तर फसवणारा कोण? तो देवच असेल, तर त्याची भक्ती कशी करायची? फसवणाऱ्यावर जीव लावता येतो का?

मी चित्रकलेचा शिक्षक होतो. घर दौंडला, नोकरी शिरूर तालुक्यात. न्हावऱ्याच्या एसटीने पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडत जाणं-येणं. पोरांकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करून घ्यायचं, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवायचं, हे माझं काम. या प्रश्नाकडे मी पोथीच्या वाटेने कमी आलो आणि चित्रांच्या वाटेने जास्त. पोथीची वाट अण्णांची, माझ्या वडिलांची. ते दौंडच्या यार्डात शंटिंगला होते. गळ्यात तुळशीची माळ. तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला मुक्कामी आली की रजा टाकायचे आणि रोटी घाट चढून जाईपर्यंत दिंडीत चालायचे. घरी रोज ज्ञानेश्वरी, आणि चातुर्मासात अमृतानुभव.

दौंड जंक्शनवर वाढलेल्या माणसाला डोळ्यांच्या फसव्या खेळाची ओळख लहानपणीच होते. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत. आता कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्यांची ही अदलाबदल वाचली आहे, पण तेव्हा डब्यात झोपलेला माणूस गाडी सुटताच खडबडून उठायचा. गाडी पुण्याकडे परत निघाली, असं त्याला ठाम वाटायचं. कुणीतरी समजावलं तरी चेहऱ्यावरची शंका नगर येईपर्यंत जात नसे. अण्णा म्हणायचे, "गाडी नीट चाललीय. तुम्ही ज्या तोंडानं बसला होता, तेच तोंड धरून बसलाय." ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात नावेत बसलेल्या माणसाला काठावरची झाडं पळताना दिसतात, हा दाखला आहे. अण्णांनी मला तो प्लॅटफॉर्मवर उभं करून, शेजारची मालगाडी हलत असताना समजावला होता.

शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याची सुरुवात अध्यासाच्या चर्चेने होते. अध्यास म्हणजे एका गोष्टीवर दुसरी दिसणं. दोरीवरचा साप सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथे आचार्यांनी दाखले दिले आहेत ते दुसरे: शिंपल्यावर दिसणारी चांदी, आणि एकाच चंद्राचे दिसणारे दोन चंद्र. मी हे दोन दाखले शेजारी ठेवून पुष्कळ विचार केला आहे. शिंपला उचलून हातात घेतला की चांदी गेली. पुन्हा त्या शिंपल्यावर चांदी दिसणार नाही. चंद्राचं तसं नाही. डोळ्याच्या कडेला बोटाने हलकेच दाबा, चंद्र दोन दिसतील. चंद्र एकच आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असेल, तरी बोट काढेपर्यंत दोनच दिसत राहतील. पुढच्या वेदान्त्यांनी या दोन भ्रमांना नावं दिली. ज्ञान होताच नाहीसा होतो तो निरुपाधिक भ्रम. ज्ञान झालं तरी, कारण हलेपर्यंत, दिसतच राहतो तो सोपाधिक भ्रम. तांबड्या फुलाशेजारी ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, तो या दुसऱ्या जातीचा. रस्त्यावरचं पाणीही याच जातीचं. ज्ञानाने खोटं ठरलेलं, तरी दिसत राहिलेलं, याला त्यांनी बाधितानुवृत्ती म्हटलं आहे.

आपल्याकडे माया समजावताना मात्र नेहमी दोरी आणि सापच पुढे येतो. तो दाखला भीतीचा आहे. अंधार, घाम, काठी शोधणं, मग कुणीतरी दिवा आणणं आणि सुटका. या दाखल्यावर वाढलेल्या माणसाला असं वाटू लागतं की जग हे घाबरून पळण्यासारखं काहीतरी आहे आणि ज्ञान झालं की ते दिसायचंच बंद होणार. जग जर त्या दोन चंद्रांसारखं असेल, जाणल्यावरही दिसत राहणारं, तर जाणणाऱ्याने त्याच्याकडे बघायचं कसं? याचं उत्तर मला पहिल्यांदा एका जपानी माणसाच्या पोस्टरांत दिसलं.

पुण्यात टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात एटीडी करताना पोस्टरांच्या एका पुस्तकात शिगेओ फुकुदा हे नाव भेटलं. 1932 साली टोकियोत जन्म, घरचा धंदा खेळणी बनवण्याचा, 2009 मध्ये निधन. 1975 सालचं त्यांचं एक पोस्टर माझ्याकडून कित्येक वर्गांनी पाहिलं आहे. वरवर बघता काळ्या पँटीतले पुरुषांचे पाय ओळीने आहेत, एवढंच. मग कधीतरी, आपण काही न करता, त्या पायांच्या मधली पांढरी जागा पुढे येते आणि तिथे बायकांचे पाय दिसतात, उंच टाचांच्या चपलांतले, उलट्या दिशेने. ते दिसले की पुरुषांचे पाय मागे जातात. पुन्हा नजर ठरवली की ते पुढे. दोन्ही एकाच वेळी पुढे धरून ठेवता येत नाहीत. डेन्मार्कच्या एडगर रुबिन यांनी 1915 मध्ये फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांचं चित्र देऊन हाच गुण अभ्यासला होता, पण फुकुदांनी त्याला चालतं केलं.

आठवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारलं, "सर, मधली रेघ कुणाच्या पायाची?" चित्रकलेत इतका नेमका प्रश्न मोठी माणसंही विचारत नाहीत. मी तिला फळ्यापाशी बोलावलं, खडूने तीच एक रेघ ओढायला लावली. डावीकडून बघितलं तर ती बुटाची टाच, उजवीकडून बघितलं तर ती पोटरी. रेघ एकच. काढणाऱ्याने ती एकदाच काढलेली.

अमृतानुभवाचं पहिलं प्रकरण शिवशक्तीचं आहे. ज्ञानदेव तिथे जगाच्या आईबापांना वंदन करतात आणि सांगत राहतात की हे दोघे इतके एकमेकांत आहेत की एकाला वेगळं काढू गेलं तर दुसरा उरत नाही. एकाचं असणं म्हणजे दुसऱ्याला दिलेली जागा. अण्णा हे प्रकरण वाचताना मला लहानपणी काहीच कळलं नव्हतं. फुकुदांचे पाय बघितल्यावर ते डोळ्यांना कळलं. या पोस्टरात कुणीच पार्श्वभूमी नाही. जे मागे गेलंय असं वाटतं, त्याच्याच कडेने पुढच्याला आकार दिलेला आहे.

हा चिमटा काढणारा खेळ फुकुदांनी काही शून्यातून आणला नव्हता. एदो काळातले उतागावा कुनियोशी (1797 ते 1861) यांनी माणसांच्या उघड्या अंगांची जुळणी करून एक मोठा चेहरा केला आहे: नाक म्हणजे एक वाकलेला माणूस, भुवई म्हणजे दुसरा. चित्राचं नावच असं आहे की दिसायला भयंकर, पण माणूस फार चांगला. आपल्याकडच्या कॅलेंडरांतली कामधेनू आठवा. पोटात, खुरांत, शिंगांत देव बसलेले. आणि त्याही आधी गीतेचा अकरावा अध्याय, जिथे एकाच देहात सगळी भूतं दिसतात. अर्जुन तिथे घाबरतो, हात जोडतो, आधीचं सौम्य रूप परत मागतो. कुनियोशींचा चेहरा बघताना मला नेहमी वाटतं, अर्जुनाने अजून थोडा वेळ बघितलं असतं तर त्या भयंकरातला ओळखीचा माणूस त्यालाही दिसला असता. अण्णांना हे म्हणणं आवडलं नव्हतं. समोर रणांगण असताना कुणी रेखाटनं बघत बसत नाही, असं ते म्हणाले होते.

जपानी पोरं सात अक्षरांत एक चेहरा काढतात. हे, नो, हे, नो, मो, हे, जि: दोन भुवया, दोन डोळे, नाक, तोंड आणि शेवटच्या अक्षराची वळवलेली रेघ म्हणजे चेहऱ्याची कड. मी ते फळ्यावर काढून दाखवलं की आमची पोरं लगेच आपलं सामान बाहेर काढायची. श्रीचा गणपती, ॐचा गणपती. ॐच्या शेपटीची सोंड, चंद्रबिंदूचं गंध. रांजणगावच्या देवळाबाहेर हार-प्रसादाच्या दुकानांवर, शिरूरच्या छापखान्यातल्या लग्नपत्रिकांवर हा गणपती हजार तऱ्हांनी दिसतो. त्याचा मूळ पुरुष ज्ञानेश्वरीच्या आरंभीच बसलेला आहे: अकार हे पाय, उकार हे पोट, मकार हे मस्तक. 1290 साली नेवाशात, म्हणजे आमच्या याच नगर रस्त्याने पुढे गेलं की जे गाव लागतं तिथे, एका तरुण मुलाने ग्रंथाची सुरुवात एका दृश्य कोड्याने केली. अक्षर बघता बघता देव दिसावा, आणि देव बघता बघता पुन्हा अक्षर.

रांजणगावबद्दल लोक सांगतात की दिसते ती मूर्ती पुढची. दहा सोंडा आणि वीस हातांचा महोत्कट खाली तळघरात आहे. खरंखोटं मी ठरवत नाही. मला त्यातली ओढ कळते. आपला गणपती जपानमध्येही गेला आहे, तिथे त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. टोकियोच्या असाकुसा भागात मात्सुचियामाला त्याचं देऊळ आहे, नैवेद्याला पांढरा मुळा. त्याची मूर्ती बहुतेक ठिकाणी बंद ठेवतात, भाविकांना दाखवत नाहीत. लपलेला देव शोधण्याची हौस दोन्हीकडे सारखीच.

आता फसवणुकीकडे येतो, कारण सगळ्या खेळांना लीला म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. आमच्या शाळेत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यायचे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये उभी केलेली ही चळवळ. एक कार्यकर्ता ताटात जांभळट पूड ठेवायचा, मंत्र पुटपुटायचा, वरून तूप ओतायचा आणि ज्वाला उठायची. पोरं आ वासून. मग तो हसून सांगायचा, पूड पोटॅशियम परमँगनेटची, तूप म्हणजे ग्लिसरीन, मंत्र म्हणजे काहीच नाही. शेवटी एखाद्या मुलाला बोलावून त्याच्याच हातून जाळ करवून घ्यायचा. तोच प्रयोग बुवा करतो तेव्हा बायका दागिने काढून देतात. पूड तीच, ग्लिसरीन तेच, ज्वाला तीच. फरक एवढाच की बुवाला तुम्हाला कधीच कळायला नको असतं आणि कार्यकर्त्याला ते कळल्याशिवाय आपलं काम झालं असं वाटत नाही.

ही कसोटी मला फुकुदांनीच दिली. त्यांचं कुठलंही पोस्टर न समजता निघून जा, ते पोस्टर वाया गेलं. त्यांच्या घराला समोरच्या वाटेच्या टोकाशी एक दार होतं, लांबवर आहे असं वाटणारं. जवळ गेलं की कळायचं, ते जेमतेम चार फुटांचं आहे आणि खोटं आहे. खरं दार पांढऱ्या भिंतीत मिसळून गेलेलं. पाहुणा चुकायचा, पण घरात घेतला जायचाच. पाहुण्याला बाहेर ठेवायचं असतं तर त्यासाठी साधं कुलूप पुरतं.

आमच्या गावांत हे काम बहुरूपी करत आलाय. खाकी अंगावर, काठी हातात, पोलिसाच्या सोंगात दारात उभा राहतो, खणखणीत आवाजात वॉरंट वाचतो. त्यात आरोप असतो तो पुरणपोळीला न बोलावल्याचा किंवा बायकोचं ऐकत असल्याचा. क्षणभर घरातला माणूस दचकतो, मग हसतो, मग आत जाऊन पायलीतलं धान्य किंवा दहाची नोट आणतो. बहुरूप्याचं पोट आपण त्याला ओळखण्यावर चालतं. शेवटपर्यंत ओळखलं नाही तर तो तोतया ठरेल. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्यांनी घेतलेलं राजा-राणीचं सोंग आहे. मनात स्त्री-पुरुष असा भाव नाही, पण लोकांसमोर सोंग चोख वठवायचं. ज्ञानदेवांनी हा दाखला ज्ञानी माणसासाठी, कर्म कसं करावं यासाठी दिला. मला तो उलट बाजूने, देवासाठीही खरा वाटतो.

देकार्तनेही 1641 मध्ये हा प्रश्न विचारला होता. एखादा कपटी, बलवान सैतान मला सगळ्याच गोष्टींत फसवत असेल तर? शेवटी तो या निष्कर्षाला आला की देव परिपूर्ण आहे, फसवणं हा उणेपणा आहे, म्हणून देव फसवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कुरकुंभचं पाणी आणि दौंडची उलटी निघालेली गाडी असते. फसायला होतं, हे तर खरंच. ज्ञानदेव या ठिकाणी देकार्तपेक्षा वेगळ्या वाटेने जातात. अमृतानुभवाच्या दहा प्रकरणांतलं सातवं सगळ्यांत मोठं, आणि ते सगळं अज्ञानाच्या खंडनाला दिलेलं आहे. अज्ञान नावाची कुणी वेगळी शक्ती आहे आणि तिने जग उभं केलं, हेच त्यांना मान्य नाही. दिसतं ते त्या एकाचंच दिसणं. पाहणारा तोच, पाहिलं जाणारं तोच. तो स्वतःलाच बघायला जगाइतका झाला. अभ्यासक याला चिद्विलास म्हणतात. आणि नवव्या प्रकरणात तो दाखला येतो, जो वाचून मी वर्गाची सहल अजिंठ्याला नेली: एकाच डोंगरातून देव कोरावा, देऊळ कोरावं, भोवतीचा परिवार कोरावा, मग भक्तीचा व्यवहार तसा का होऊ नये?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलेली आहेत आणि त्यांना डोकं एकच. कुठलंही धड धरा, ते डोकं त्याचंच वाटतं. बसलेलं हरीण, मान वळवलेलं हरीण, प्रत्येकाची मान तिथेच पोचते. पोरं बोटांनी हवेत मोजत उभी राहिली. मी त्यांना एवढंच म्हटलं की कारागिराने दगड सोडून इथे काहीच आणलेलं नाही. पंधराशे वर्षांपूर्वीचा तो माणूस शेजारी बुद्धाची मूर्ती घडत असताना हा खेळ करायला धजला, आणि त्याला कुणी थांबवलं नाही. आपल्या धर्मस्थळांत गंभीर आणि खेळकर अशी भिंत घातलेली नव्हती. यवतजवळ डोंगरावर भुलेश्वराचं देऊळ आहे. बाहेरून घुमट आणि मिनारांसारखी टोकं दिसतात, आत अंधाराचा अरुंद जिना, आणि मग काळ्या दगडात अंगावर येणारं कोरीव काम. भिंतीवर स्त्रीरूपातला गणपती, मांडी घालून बसलेला. पार्वतीने नृत्य करून शंकराला इथे भुलवलं, अशी कथा. पिंडीच्या पोकळीत ठेवलेले पेढे कमी होतात, ते बघायला गर्दी होते. मी मुलांना भिंतींसाठी न्यायचो. पण त्या कथेपुढे मी खरंच हात जोडतो. भुलणं ही लाज वाटायची गोष्ट असती, तर आपण महादेवाला त्या कथेत बसवलंच नसतं.

निवृत्तीनंतर मी दौंडला घरीच ग्रेड परीक्षांची शिकवणी घेतो. राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहतीतली मुलं येतात. त्यांना मी फुकुदांचं 'व्हिक्टरी 1945' दाखवतो. दुसरं महायुद्ध संपल्याला तीस वर्षं झाली म्हणून 1975 मध्ये वॉर्सॉत पोस्टरांची स्पर्धा झाली, त्यात याला पहिलं बक्षीस मिळालं. पिवळी जमीन. तिरकी काळी तोफेची नळी. आणि एक गोळा. बाकी काही नाही. पोरं म्हणतात, सर, तोफ उडाली. मी गप्प राहतो. मग एकजण, बहुतेक वेळा ज्याचा बाप बंदोबस्तावर गेलेला असतो तोच, म्हणतो, गोळ्याचं टोक तोफेकडे आहे. तो परत चाललाय. वर्गात जी शांतता पडते ती भीतीची नसते. युद्ध संपलं तेव्हा फुकुदा तेरा वर्षांचे होते, या मुलांच्याच वयाचे. इतक्या जड गोष्टीला त्यांनी फक्त एका टोकाची दिशा फिरवून हात घातला. या चित्रात खेळ काढून टाकला तर काहीच उरत नाही, आणि खेळ म्हणून हसलं तर घशात अडकतं. लीला हा शब्द मी वापरतो तेव्हा मला हे पोस्टर अभिप्रेत असतं.

1987 मध्ये त्यांनी 848 काटे, चमचे आणि सुऱ्या जोडून एक ढिगारा केला. समोरून बघितलं तर भंगार. एका ठरावीक जागेवरून दिवा पाडला की जमिनीवरची सावली मोटारसायकलची. चित्रकलेच्या माणसाला हे फार कष्टाचं काम आहे हे कळतं. प्रत्येक चमचा सावलीसाठी वाकवलेला, स्वतःसाठी नाही. माझ्या आयुष्याचे बरेच चमचे मला त्या ढिगाऱ्यातले वाटतात, आणि दिवा नेमका कुठे धरायचा ते सापडलेलं नाही.

कारण एक जागा अशी आहे जिथे माझं हे सगळं म्हणणं अडतं. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी एक गृहस्थ अण्णांना म्हणाले, "माऊली, सगळी माया आहे, कुणी कुणाचं नसतं." अण्णा एरवी कुणाला तोडून बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "ती काय रस्त्यावरचं पाणी होती?" पुढे कित्येक महिने ते सातवं प्रकरणच वाचत होते. एकदा मला जवळ बसवून म्हणाले, जाणल्यावर दिसणं जात नाही असं तूच सांगतोस ना, मग जाणल्यावर माणूस कसा जाईल? ते ज्ञानदेवांच्या बाजूने बोलत होते. जग खोटं पाडून देवाला मोठं करायचं त्यांना मान्य नव्हतं. मीही त्यांच्याच बाजूला होतो. पण मी त्यांना विचारलं की देव बहुरूपी आहे हे धरलं, तर ओळखायला वेळ तरी दिला पाहिजे. शिरूरच्या पूर्वेला एका रात्रीत गारपिटीने डाळिंबाची बाग झोपते. दीड वर्षांचं मूल तापाने जातं. त्याने सोंग कधी ओळखायचं? त्याच्याशी झाला तो कसला खेळ? ज्याला कधीच कळणार नाही त्याच्याशी खेळणारा माझ्या कसोटीने बुवाच ठरतो, आणि देवाला त्या रांगेत उभं करायची माझी तयारी नाही.

अण्णांनी ग्रंथ मिटला. म्हणाले, "त्या घरी खेळ म्हणायचं नाही, माया म्हणायचं नाही. त्या घरी जायचं."

ते तसंच वागत. यार्डातल्या कुणाच्या घरी मयत झालं की पहिल्या दिवसापासून दशक्रियेपर्यंत रोज ड्यूटी संपली की तिकडे. घरून भाकरी-पिठलं बांधून न्यायचे, गोठा असेल तर चारा-पाणी करायचे, रेशनचं कार्ड, पेन्शनचे कागद, सही कुठे करायची ते बघायचे. तिथे त्यांच्या तोंडून कधी एक ओवी निघाली नाही. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारायचो की हे माझ्या प्रश्नाचं उत्तर कसं झालं. ते म्हणायचे, उत्तर दिलंय असं मी म्हटलंच नाही.